नाविकांचे बंड : फेब्रुवारी १९४६ मधील पाच दिवस

मुंबईच्या कुलाबा भागातील ‘तलवार’ हे रॉयल इंडियन नेव्हीचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र. सोमवार, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी सकाळी तेथील सुमारे अकराशे नाविकांनी निकृष्ट न्याहारी नाकारली आणि कामावर जाण्याचेही नाकारले. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत मुंबई बंदरातील जहाजे आणि किनाऱ्यावरील बराकी संपात उतरल्या होत्या. कराची, मद्रास, विशाखापट्टणम, कलकत्ता अशी लाट पसरत गेली. एकूण ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २० हजार नाविक या उठावात सामील झाले, असे सामान्यतः मानले जाते. शनिवारी, २३ तारखेच्या सकाळी जहाजांवर शरणागतीचे काळे बावटे चढले तेव्हा सारे संपले होते.

न्याहारी हे निमित्त होते. युद्धाच्या सहा वर्षांत नौदल कैक पटींनी वाढले होते. भरतीच्या वेळी तरुणांना दिलेली आश्वासने आणि प्रत्यक्षातील वागणूक यांत मोठे अंतर होते. त्याच दर्जाच्या गोऱ्या नाविकाला मिळणारा पगार, जेवण आणि मान हिंदी नाविकाच्या वाट्याला येत नसे. युद्ध संपल्यामुळे आता नोकरीही जाणार होती. त्यातच १९४५ च्या नोव्हेंबरपासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला आणि गणवेशातील माणसाने निष्ठा कोणाशी ठेवावी, हा प्रश्न बराकीत उघडपणे विचारला जाऊ लागला.

‘तलवार’वर ठिणगी टाकणाऱ्यांत बलाई चंद दत्त हे तारयंत्र विभागातील नाविक अग्रभागी होते. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनानिमित्त केंद्र सर्वसामान्य नागरिकांना दाखविण्याचे ठरले होते. त्या पहाटे भिंतींवर ‘चले जाव’ आणि ‘जय हिंद’च्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या. सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी, फेब्रुवारीच्या आरंभी, दत्त पकडले गेले. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रप्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना त्यांच्या आईबापांवरून शिव्या दिल्या. नाविकांनी रीतसर लेखी तक्रार केली, पण तिची दखल घेण्यात चालढकल झाली. पुढे बंड म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रकरणाची सुरुवात तक्रार अर्जाने झाली होती, ही गोष्ट विसरली जाते.

१९ फेब्रुवारीला मध्यवर्ती संप समिती निवडण्यात आली. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष झाले. जहाजांच्या डोलकाठीवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र फडकले. ते ज्यांचे झेंडे होते त्या पक्षांना मात्र असे एकत्र येणे त्या वर्षी साधले नाही. मागण्यांच्या यादीत चांगले जेवण, समान वेतन आणि किंग यांच्यावर कारवाई होती. आझाद हिंद सेनेच्या व अन्य राजबंद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियात धाडलेले हिंदी सैन्य परत बोलावणे याही मागण्या त्याच यादीत होत्या. वरणातील खडे आणि जावा बेटावरचे युद्ध एकाच कागदावर आले, यातच या उठावाचे वेगळेपण आहे.

लष्करी बंडांच्या इतिहासात तुलनेसाठी दहा वर्षे आधीचे जपानचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे, बर्फ पडत असताना, तरुण कॅप्टन आणि लेफ्टनंट सुमारे १४०० सैनिक घेऊन टोकियोच्या मध्यभागी उतरले. अर्थमंत्री ताकाहाशी, माजी पंतप्रधान सायतो आणि जनरल वातानाबे यांची त्यांनी हत्या केली. पंतप्रधान ओकादा मात्र बचावले, कारण मारेकऱ्यांनी त्यांच्या मेव्हण्यालाच पंतप्रधान समजून गोळ्या घातल्या. आपण सम्राटासाठी लढतो आहोत, असे त्या तरुणांना वाटत होते, पण सम्राट हिरोहितोंनीच त्यांना बंडखोर ठरविले. चौथ्या दिवशी बंड मोडले आणि पुढे १९ जणांना मृत्युदंड झाला. ते बंड अधिकाऱ्यांचे होते आणि ठरावीक माणसे मारून सत्तेची दिशा बदलण्यासाठी होते. मुंबईचे बंड खलाशांचे होते. त्यांनी ना मंत्रालय ताब्यात घेतले, ना कोणाच्या हत्येची यादी केली. दोन्हींत साम्य एवढेच की, ज्यांच्या नावाने शस्त्र उचलले त्यांनीच ते खाली ठेवण्यास सांगितले.

मुंबईतील निर्णायक दिवस गुरुवार, २१ फेब्रुवारीचा. फोर्टमधील कॅसल बराकीला आदल्या दिवसापासून लष्कराचा वेढा होता आणि आरंभी तेथे मराठा पलटणीचे जवान उभे करण्यात आले होते. आतले नाविक बाहेर पडू लागताच गोळीबार झाला. नाविकांनी शस्त्रागार फोडून उत्तर दिले आणि चकमक कित्येक तास चालली. बंदरातील जहाजांनी तोफा सज्ज केल्या. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून बजावले की, सरकार सर्व बळ वापरील, मग त्यात नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर. बंदरावर विमाने घिरट्या घालू लागली. मुंबईकर मात्र फळे, भाकऱ्या आणि पाण्याची भांडी घेऊन गेट वे ऑफ इंडियाकडे धावले.

कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाजावर २२ तारखेच्या सकाळी तोफांची खरीखुरी लढाई झाली आणि नाविकांना माघार घ्यावी लागली. केमाडी आणि मनोऱ्याचा तो किनारा ज्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता, अशा कराचीकर सिंधी कुटुंबांपैकी अनेक पुढच्या दीड-दोन वर्षांत निर्वासित होऊन कल्याणजवळच्या ओसाड लष्करी छावणीत आली. महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेल्या त्या छावणीचेच १९४९ साली उल्हासनगर झाले. शहराच्या विभागांना आजही ‘कॅम्प’ आणि पुढे क्रमांक असेच म्हणतात. अंबरनाथ, बदलापूरच्या रहिवाशांनाही ‘कॅम्प’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

२२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून मुंबई बंद झाली. अरुणा असफ अली, अच्युतराव पटवर्धन या समाजवादी नेत्यांचा नाविकांना पाठिंबा होता, तर काँग्रेसच्या श्रेष्ठींचा बंदला विरोध होता. गिरण्यांचे भोंगे वाजले नाहीत. परळ, लालबागच्या चाळींपुढे चिलखती गाड्या फिरल्या आणि दोन दिवस गोळीबार चालू राहिला. परळला कमल दोंदे या कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोळी लागून मृत्यू पावल्या, तर कुसुम रणदिवे जखमी झाल्या. सरकारी आकड्यानुसार २२८ नागरिक ठार झाले आणि जखमींची संख्या हजाराच्या वर गेली. नाविकांच्या बंडात सर्वाधिक रक्त सांडले ते गिरणगावाचे, आणि त्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपला जातो.

वल्लभभाई पटेल त्या वेळी मुंबईतच होते. शस्त्रे खाली ठेवा, सूड घेतला जाणार नाही याची काळजी काँग्रेस घेईल, असा निरोप त्यांनी समितीला दिला. जीनांनीही संप मागे घेण्याचे आवाहन केले. रात्रभर चर्चा झाली आणि समितीने शरणागती पत्करली. आपण ब्रिटनला नव्हे, हिंदुस्थानला शरण जात आहोत, असे तिने जाहीर केले. सैन्यातील शिस्तीशी खेळ करता येणार नाही, स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे, अशी पटेलांची भूमिका होती. सत्तांतर दाराशी आलेले असताना हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण दिलेला शब्द पाळला गेला नाही, हेही तितकेच खरे.

अटकसत्र सुरू झाले. सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने अन्न, वेतन आणि वर्णभेदाच्या तक्रारींची नोंद घेतली. तरीही ४७६ नाविकांना सेवेतून काढून टाकण्यात आले आणि १९४७ नंतर भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. दत्त ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकार झाले आणि १९७१ साली त्यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. कलकत्त्यात उत्पल दत्त यांनी १९६५ साली ‘कल्लोल’ हे नाटक याच विषयावर रंगभूमीवर आणले.

सरकारी मान्यता सावकाश आली. स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत या उठावाचा समावेश झाला. नौदलाने आपल्या दोन टगबोटींना ‘बी. सी. दत्त’ आणि ‘मदन सिंग’ अशी नावे दिली. २००१ साली कुलाब्यात स्मारक उभे राहिले आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीतील संचलनात नौदलाच्या चित्ररथावर १९४६ चा उठाव दाखविण्यात आला.