येशूचे जन्मसाल आणि शुभवर्तमानांची साक्ष



बाजार समितीच्या पावतीवर, सात-बाराच्या उताऱ्यावर, मजुराच्या हजेरीपत्रकावर जो सन आपण लिहितो तो येशू ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजलेला आहे, अशी सर्वांची समजूत आहे. पण ज्यांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला त्यांच्यापैकी बहुतेकांचे मत असे की, येशूचा जन्म इसवी सनापूर्वी ६ ते ४ या वर्षांच्या दरम्यान केव्हातरी झाला. म्हणजे ख्रिस्त हा ख्रिस्तपूर्व काळात जन्मला! हे ऐकायला विपरीत वाटते. परंतु हा निष्कर्ष कोणा धर्मद्वेष्ट्याचा नव्हे. तो मुख्यतः ख्रिस्ती धर्मग्रंथाच्याच आधाराने निघाला आहे. तो कसा निघाला, हे पाहणे हा आजचा विषय.

हा विषय आम्ही का घेतला, असे कोणी विचारील. आम्ही पंडित नाही. कामगारांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. पण जन्मसाल ठरवणे हे आमच्या नित्याच्या कामापैकी एक आहे. आपल्या जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबलेल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख कागदावर १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांचे वय कारकुनाने चेहऱ्याकडे बघून टाकले. पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा प्रश्न येतो तेव्हा दोन वर्षांच्या फरकाने एका घराची चूल विझते. मग आम्ही त्या माणसाला समोर बसवून विचारतो : बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला जात होतास, की आईच्या कडेवर होतास? थोरला भाऊ तुझ्याहून किती मोठा? अशाने नेमकी तारीख मिळत नाही; पण ‘याच्या आधी नाही आणि याच्या नंतर नाही’ अशा दोन शिवा सापडतात. जुन्या काळच्या महापुरुषांचे जन्मसालही याच रीतीने शोधावे लागते.

आता मूळ साक्षीकडे वळू. नव्या करारात चार शुभवर्तमाने आहेत. जन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोघांनीच दिली आहे. साल कोणीच दिलेले नाही, कारण ‘इसवी सन’ तेव्हा अस्तित्वातच नव्हता. काळ सांगायचा तो राजाच्या नावाने.

मत्तय सांगतो की, येशू यहूदीयातील बेथलेहेमात जन्मला तेव्हा हेरोद राजा राज्य करीत होता. पूर्वेकडून मागी लोक आले, तारा केव्हा दिसला ते हेरोदाने त्यांच्याकडून विचारून घेतले, आणि त्या हिशेबाने बेथलेहेमातील दोन वर्षांच्या व त्याखालील मुलग्यांना मारण्याचा हुकूम दिला. योसेफ मुलाला घेऊन मिसर देशात गेला. हेरोद मेल्यावर परतला, तेव्हा यहूदीयात त्याचा मुलगा अर्खेलाव गादीवर होता. तेव्हा प्रश्न उरला तो हेरोद केव्हा मेला एवढाच. याचे उत्तर योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथात मिळते. तो म्हणतो की, हेरोदाच्या मरणापूर्वी चंद्रग्रहण झाले आणि मरणानंतर वल्हांडणाचा सण आला. इ. स. पूर्व ४ मध्ये १३ मार्चला असे ग्रहण झाल्याचे गणिताने सिद्ध आहे. हेरोदाच्या मुलांच्या कारकिर्दींची वर्षे मागे मोजली तरी तेच साल येते. काही अभ्यासक इ. स. पूर्व १ मधील दुसऱ्या ग्रहणाकडे बोट दाखवतात. पण बहुमत इ. स. पूर्व ४ चेच आहे. ही झाली अलीकडची शीव. हेरोदाने दोन वर्षांची मर्यादा घातली होती, यावरून पलीकडची शीव इ. स. पूर्व ६ च्या सुमारास पडते.

लूकही जन्माची कथा हेरोदाच्याच काळात सुरू करतो. परंतु पुढे तो म्हणतो की, औगुस्त कैसराच्या हुकुमाने नावनिशी झाली, आणि ती क्विरीनिय सुरिया प्रांताचा सुभेदार असताना झाली. येथे मोठी अडचण येते. योसेफसच्या हिशेबाने क्विरीनियाची ही शिरगणती इ. स. ६ मधली आहे. अर्खेलावाला पदच्युत करून रोमने यहूदीया आपल्या थेट अमलाखाली घेतला, तेव्हा करआकारणीसाठी ती झाली. हेरोद तर त्याआधी सुमारे दहा वर्षे वारला होता. दोन्ही गोष्टी एकाच जन्माला लागू पडत नाहीत. क्विरीनियाने आधीही एकदा गणती केली असावी, असे सुचवून हा पेच सोडवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. परंतु त्याला खणखणीत पुरावा मिळालेला नाही.

आमच्या अनुभवावरून आम्ही एक तर्क मांडतो. तो तर्क म्हणूनच घ्यावा. ती गणती कर बसवण्यासाठी होती, आणि तिच्याविरुद्ध गालीलातल्या यहूदा नावाच्या पुढाऱ्याने बंड उभारले. लूकने लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातही त्या बंडाचा उल्लेख आहे. गरिबाच्या मानेवर कराचे जू बसले ते वर्ष लोक विसरत नाहीत. हेरोद मेला तेव्हाही त्या मुलखात दंगे उसळले होते आणि रोमन फौजेने ते चिरडले होते. दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन धामधुमी पुढच्या दोन पिढ्यांच्या आठवणीत एकजीव होणे अशक्य नाही. शुभवर्तमाने लिहिली गेली ती येशूच्या मृत्यूनंतर चाळीस ते साठ वर्षांनी, असे सामान्यतः मानतात. कामगारांच्या तोंडून जुन्या संपांची हकीकत ऐकताना दोन संपांचा एक झालेला आम्ही कितीदा तरी पाहिला आहे. सांगणारा खोटे बोलत नसतो.

तिसरा धागा लूकच देतो. तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी योहानाने उपदेशास आरंभ केला, आणि येशूने कार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. औगुस्त वारला इ. स. १४ मध्ये, तेव्हा पंधरावे वर्ष इ. स. २८-२९ येते. त्यातून तीस वर्षे मागे गेले की इ. स. पूर्व ३ किंवा २ येते. येथे ध्यानात ठेवावे की सनांच्या मोजणीत शून्य साल नाही, इ. स. पूर्व १ नंतर एकदम इ. स. १ येते. आणि ‘सुमारे तीस’ म्हणजे बत्तीस-तेहतीसही असू शकतात. ‘सुमारे’ या शब्दाला जागा दिली की हेरोदाच्या साक्षीशी मेळ बसतो.

मग इसवी सनाची चूक कोठे झाली? इ. स. ५२५ मध्ये रोममध्ये डायोनिसियस नावाच्या साधूने ईस्टरच्या तिथींचे कोष्टक करताना ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत घातली. त्याच्या मोजणीत चार-सहा वर्षांची तूट राहिली. पुढे तीच मोजणी जगभर रूढ झाली. २५ डिसेंबरची गोष्ट तर आणखी निराळी. शुभवर्तमानांत महिना नाही, दिवस नाही, रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात ही तारीख आढळते.

अशी स्थिती केवळ परदेशी महापुरुषांची नव्हे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हे साल आहे आणि रामदेवराव यादवाचे नाव आहे, म्हणजे मत्तयासारखी राजाचीच खूण. पण ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९३ चा की ११९७ चा, हा वाद राहिलाच. एका मताने ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांचे वय एकोणीस, दुसऱ्या मताने पंधरा. आणि आपल्या जिल्ह्यातले शेगाव घ्या. गजानन महाराज तेथे प्रथम दिसले ती माघ वद्य सप्तमी, २३ फेब्रुवारी १८७८. समाधी घेतली ती ऋषिपंचमीस, ८ सप्टेंबर १९१०. दासगणूंनी त्यांचे एकवीस अध्यायांचे चरित्र रचले. पण जन्माचे गाव, साल, आईबाप यांचा पत्ता नाही. म्हणून शेगावात ‘जयंती’ साजरी होत नाही, ‘प्रकटदिन’ होतो. जेवढे ठाऊक तेवढ्याचाच उत्सव करायचा, हा या शब्दातला प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. तारीख नाही म्हणून एकही वारकरी वाटेतून परत फिरलेला नाही.

तात्पर्य हे की, श्रद्धेला जन्मतारखेची गरज नसते. इतिहासाला असते, पण पुरावा जितका बोलतो तितकेच इतिहासाने बोलावे. आज जयंतीच्या तारखेवरून, तिथीवरून माणसे हमरीतुमरीवर येतात. त्यांनी येशूच्या जन्मसालाचा हा हिशेब एकदा पाहावा. ख्रिस्ती पंडितांनी आपल्याच ग्रंथांतली विसंगती उघड्यावर मांडली, तिची चर्चा केली, आणि त्यामुळे त्यांचे चर्च ओस पडले नाही.

मात्र कष्टकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. महापुरुषाच्या जन्मसालात चार वर्षे इकडची तिकडे झाली तरी त्याचे काही बिघडत नाही. मजुराच्या जन्मसालात एक वर्ष चुकले तर त्याचा घास जातो. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक जन्माची नोंद सक्तीची केली, तरी पालावर आणि ऊसतोडीच्या फडावर जन्मणाऱ्या पोरांची नोंद आजही राहून जाते. म्हणून श्रोत्यांना आमची एवढीच विनंती आहे, की आपल्या गावात, आपल्या वस्तीत यंदा जे मूल जन्मले असेल त्याची नोंद ग्रामपंचायतीत झाली की नाही, हे आपण जाऊन पाहावे. साठ वर्षांनी त्याचे वय ठरवण्यासाठी कोणाला दुष्काळाची आठवण काढावी लागू नये.