घरच्या माणसाची ओळख

दूरच्या पाहुण्याला आपण दारात नावगाव विचारतो. घरच्या माणसाला कोणी विचारीत नाही. संगणकाच्या इतिहासात मात्र घरच्यांचाच प्रश्न बिकट ठरला. माहितीचे भांडार सांभाळणारा सर्व्हर आणि त्याच्याकडे माहिती मागणारा प्रोग्रॅम एकाच यंत्रात नांदत असले, तरी त्यांची भेट व्हावी कशी, आणि आलेला खरा कोण हे ठरवावे कोणी? त्याचाच मागोवा आज आपण घेऊ.

आरंभ होतो कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात. तेथे १९७०नंतरच्या दशकात मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी 'इन्ग्रेस' हे भांडार रचले. त्यांच्या पीडीपी-११ यंत्रात एका प्रोग्रॅमच्या वाट्याला अवघी ६४ किलोबाइट जागा येई. सबब भांडाराचे तुकडे करून ते युनिक्सच्या 'पाइप' नामक नळीने जोडावे लागले. परंतु ही नळी एकाच मुळातून निघालेल्या प्रोग्रॅमांनाच जोडी; नात्याबाहेरच्याला तीत शिरकाव नव्हता.

ही अडचण बर्कलीतच सुटली. १९८३ साली निघालेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत 'सॉकेट' आले. फाइलीसारखे नाव असलेले हे दार कोणत्याही प्रोग्रॅमने ठोठवावे! स्टोनब्रेकर यांच्याच 'पोस्टग्रेस'चा वंशज जो पोस्टग्रेएसक्यूएल, तो स्थानिक भेटीसाठी आजही हेच दार वापरतो.

पण दार सर्वांना खुले झाले आणि ओळखीचा प्रश्न उभा राहिला. एक रीत 'ट्रस्ट' नावाची: जो जे नाव सांगेल ते खरे मानायचे. यंत्र एकट्याचे असेल तर ती चालेल. अनेकांचे असेल तर कोणीही धन्याचे सोंग घ्यावे. दुसरी रीत अधिक शहाणपणाची. सर्व्हर पाहुण्याला न विचारता यंत्राच्या कर्नललाच विचारतो, कारण प्रोग्रॅम कोणाचा हे कर्नल जाणतो. २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून या रीतीला 'पिअर' म्हणतात. तीत परवलीचा शब्दही लागत नाही.

धोका उलट बाजूनेही असतो. दार सार्वजनिक जागी असेल, तर सर्व्हर जागा होण्यापूर्वी एखादा लबाड तेथे स्वतःचेच दार मांडून बसेल. म्हणून कित्येक लिनक्स प्रणालींनी ते राखीव जागी हलविले.

तेव्हा श्रोतेहो, एका छपराखाली राहिल्याने विश्वास आपोआप उपजत नाही. त्याला दोघांनाही मान्य असा साक्षीदार लागतो, हेच या छोट्या इतिहासाचे सांगणे आहे.