मिग-२१ निवृत्त झाले. त्याच्या कागदांचे काय?

नांदेडच्या एका शाळेत ध्वनीपेक्षा वेगवान विमानांवर बोललो. शेवटी नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मिग-२१ निवृत्त झाले ना? मग आता त्याची आरेखने आम्हाला बघायला मिळतील?"

हे विमान भारतीय हवाई दलात १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप देण्यात आला. सोव्हिएत परवान्याखाली ते आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनत असे. इंजिने कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. सुट्या भागांच्या जुळणीपासून सुरुवात करून, पुढे कच्च्या मालापासून विमान उभे करण्यापर्यंत मजल गेली. १९८७ पर्यंत सुमारे साडेसहाशे विमाने तयार झाली.

त्यामागचे शास्त्र काही गुप्त नाही. विमानाच्या नाकातला तो शंकूच घ्या. ध्वनीच्या दुप्पट वेगाने येणारी हवा तशीच आत शिरली तर इंजिनाचा कॉम्प्रेसर नीट चालणार नाही. शंकूच्या टोकापासून तिरका आघात तरंग निघतो आणि हवा मंदावते. वेग वाढतो तसा शंकू पुढे सरकतो. एवढे फळ्यावर समजावता येते. पण कोणत्या वेगाला तो किती सरकावा, कोणता भाग कोणत्या मिश्रधातूचा, हे कागदांत असते.

गंमत पाहा. १९६६ साली एका इराकी वैमानिकाने आपले मिग-२१ इस्रायलमध्ये नेऊन उतरवले. १९६८ साली अमेरिकेने ते नेवाडाच्या वाळवंटात शंभरेक वेळा उडवून तपासले. त्या चाचण्यांचे अहवाल पुढे खुले झाले. वैमानिकाला मागचे नीट दिसत नाही, इंजिन सावकाश प्रतिसाद देते, कमी उंचीवर वेग वाढला की विमान थरथरते, असे त्यांत नोंदले आहे. आपल्या वैमानिकांना हे अनुभवाने ठाऊक असणारच! मी त्या मुलाला हे अहवाल वाचायला सुचवले. तो म्हणाला, "आपले का नाहीत?"

संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार नोंदींची गोपनीयता साधारणपणे २५ वर्षांत उठवायची आहे. मात्र त्यात भर आहे तो युद्धाच्या रोजनिश्या आणि मोहिमांच्या नोंदींवर. शिवाय विमानाचा मूळ आराखडा आपला नव्हे, परवान्याने मिळालेला. त्याची चिनी भावंडे अजून काही देशांत उडतात. तेव्हा आरेखने बंद राहिली तर मी तक्रार करणार नाही.

दोषांच्या अहवालांचे मात्र तसे नाही. कोणता भाग कुठे तडकला, कशामुळे, ओझरला त्यावर काय उपाय केला, हे ज्ञान आपल्या माणसांनी मिळवलेले आहे, आणि त्यातले काही वैमानिकांच्या प्राणांची किंमत देऊन. लातूरच्या तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्याला धातूचा थकवा शिकवताना आजही परदेशी कॉमेट विमानाचे १९५४ मधले अपघात सांगावे लागतात.