डिव्हाइन : शाळेतल्या छळापासून कल्ट आयकॉनपर्यंत

डिव्हाइन (१९ ऑक्टोबर १९४५ – ७ मार्च १९८८) हा अमेरिकन ड्रॅग कलाकार, नट आणि गायक. मूळ नाव हॅरिस ग्लेन मिलस्टेड, शहर बाल्टिमोर. ड्रॅग म्हणजे भडक वेश आणि मेकअप करून स्त्री-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटींची खिल्ली उडवणारी रंगमंचीय कला. ती करणारा प्रत्येक जण ट्रान्सजेंडर असतोच असे नाही. हा गोंधळ आपल्या कार्यकर्त्यांमध्येही होतो. डिव्हाइन स्वतःला पुरुष आणि मुख्यतः नट मानत असे, म्हणून आम्ही 'तो' लिहितो.

लठ्ठपणा आणि 'बायकी' वागणे यावरून टाउसनच्या शाळेत त्याचा छळ झाला. पुढे तो केशरचनाकार झाला. दिग्दर्शक मित्र जॉन वॉटर्सने त्याला हे नाव आणि भूमिका दिल्या. अवघ्या काही हजार डॉलर्समध्ये बनलेल्या 'पिंक फ्लेमिंगोज'ने (१९७२) मध्यरात्रीच्या खेळांतून त्याचा चाहतावर्ग घडवला. ज्या शरीरावर लोक हसत, तेच त्याने तंग लाल झग्यात सगळ्यांसमोर आणले. डोळ्यांचा मेकअप मावावा म्हणून कपाळावरचे केसही मागे भादरले. (सिनेमातली किळस आम्हाला पचली नाही, हेही सांगतो.) आई-वडिलांशी तुटलेले संबंध बऱ्याच वर्षांनी जुळले.

आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचा सिनेमा 'हेअरस्प्रे' (१९८८). बाल्टिमोरच्या 'बडी डीन शो' या टीव्हीवरील नृत्य-कार्यक्रमात गोरी आणि काळी मुले एकत्र नाचू शकत नसत. सिनेमात ही भिंत पडते. प्रत्यक्षात मुलांना एकत्र नाचू देण्याऐवजी १९६४ मध्ये कार्यक्रमच बंद झाला. डिव्हाइनने यात दोन भूमिका केल्या: नायिकेची कपडे इस्त्री करून पोट भरणारी आई एडना आणि टीव्ही केंद्राचा वर्णद्वेषी मालक. छळ सोसलेल्या माणसाने छळणाऱ्याची भूमिका इतक्या सहज करावी, हे आम्हाला एडनाहूनही बोलके वाटते. मात्र मुक्तीचे श्रेय इथेही बरेचसे गोऱ्या नायिकेकडेच जाते. सवर्ण नायक वस्तीचा उद्धार करतो, ते सिनेमे आपण पाहिलेच आहेत.

प्रदर्शनानंतर दहाच दिवसांत, वयाच्या ४२ व्या वर्षी, हृदयविकाराने लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले. डिस्नेच्या 'द लिटल मर्मेड'मधली (१९८९) अर्सुला त्याच्यावरूनच रेखाटलेली. 'पिंक फ्लेमिंगोज' २०२१ मध्ये आणि 'हेअरस्प्रे' २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आले. त्याचे थडगे टाउसनमध्येच आहे. चाहते आजही तिथे जातात.