सरकत्या जिन्याची गोष्ट



अमेरिकेतल्या काही वादकांनी मोठ्या कंपनीचं तोंड न बघता एक रेकॉर्ड काढली, तिची गोष्ट आज सांगते. नाव 'एस्कलेटर ओव्हर द हिल', म्हणजे टेकडीवरून जाणारा सरकता जिना. तिचं संगीत रचलं कार्ला ब्ले या पियानोवादक बाईने.

कार्ला १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जन्मली. वडील पियानो शिकवायचे. शाळा अर्ध्यावर सुटली. कोवळ्या वयातच ती न्यूयॉर्कला आली आणि 'बर्डलँड' या जॅझच्या नामांकित क्लबात सिगारेटी विकू लागली. हात सिगारेटींकडे, कान वादकांकडे. तिची खरी शाळा तीच म्हणायची.

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने घडवलेलं संगीत. आपल्या रागदारीसारखं त्यातही चौकट धरून आयत्या वेळी रचत जायचं असतं. १९६० च्या दशकात काही जणांनी ती चौकटही मोडायला घेतली. आता असलं संगीत कंपन्या कशाला काढतील? खप बेताचाच. मग कार्ला आणि ट्रंपेटवादक मायकेल मँटलर यांनी वादकांची एक ना-नफा संस्था काढली, 'जॅझ कंपोझर्स ऑर्केस्ट्रा असोसिएशन'.

१९६७ मध्ये कवी पॉल हेन्सने कार्लाला एक कविता पाठवली. ती तिच्या एका चालीत चपखल बसली. तिथून पुढची तीनेक वर्षं हेन्सचे शब्द टपालाने येत राहिले; आधी न्यू मेक्सिकोहून, नंतर चक्क आपल्या भारतातून! रेकॉर्डिंग १९६८ ते १९७१ असं तुकड्यातुकड्याने चाललं. लिंडा रॉनस्टॅड गायली, जॅक ब्रूस गायला. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन होता, पुढे झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' उभी करणारा तोच. शेवटी तीन रेकॉर्डींचा संच निघाला.

ऐकायला सोपं नाही बरं का. मधेच बँड, मधेच गोंगाट, कथेचा धागा तर सापडतच नाही. शेवटच्या बाजूला एक गुणगुण उरते आणि तिथे सुई त्याच खाचेत फिरत राहते. आपण उठून सुई उचलेपर्यंत संगीत संपतच नाही. मला मात्र कार्लाचे वाद्यवृंदाचे भाग फार आवडतात, दुःखी आणि खट्याळ एकाच वेळी.

फ्रान्समध्ये या रेकॉर्डला मानाचा पुरस्कार मिळाला. पण माल तयार झाला म्हणजे काम झालं असं नसतं, हे पापड-लोणची करणाऱ्या आपल्या गटांना कोणी सांगायला नको. दुकानापर्यंत पोचवणार कोण? १९७२ मध्ये याच मंडळींनी 'न्यू म्युझिक डिस्ट्रिब्युशन सर्व्हिस' सुरू केली. तिथून फक्त स्वतःच्याच नव्हे, तर इतर छोट्या, स्वतंत्र कलाकारांच्या रेकॉर्डीही विकल्या जाऊ लागल्या. हे काम १९९० पर्यंत चाललं. कार्लाने मँटलरबरोबर 'वॉट' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनीही काढली, आणि तिच्या बऱ्याच रचना तिथून लोकांपर्यंत गेल्या. २०२३ मध्ये ती गेली.