गोठत्या पाण्यातील भक्ष्य आणि भक्षक

समुद्राचे पाणी साधारणतः उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराचे तापमान वर्षातील बराच काळ याच मर्यादेच्या आसपास असते. तरीही वसंतात तेथे 'डायटम' या एकपेशीय शैवालाची इतकी वाढ होते, की बर्फाचा तळ तपकिरी दिसू लागतो.

पाणी गोठताना मीठ बर्फाबाहेर पडते आणि अतिखारट पाण्याच्या सूक्ष्म नलिका तयार होतात. उणे १० अंशांना या पाण्याची क्षारता समुद्राच्या सुमारे चौपट असते. डायटम याच नलिकांत राहतात. काही जाती बर्फाच्या स्फटिकांना चिकटणारी प्रथिने बाहेर सोडून त्यांची वाढ रोखतात. पेशीपटलातील असंतृप्त मेदाम्लांमुळे पटल थंडीतही लवचीक राहते आणि अन्नद्रव्यांची ने-आण सुरू राहते.

या शैवालाला खाणारेही बहुधा एकपेशीयच असतात. काही डायनोफ्लॅजेलेट पातळ पडदा पसरून डायटमची संपूर्ण साखळी वेढतात आणि पेशीबाहेरच पचवतात. मात्र थंडीचा फटका या भक्षकांना अधिक बसतो. ज्युली रोझ आणि डेव्हिड कॅरन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमान घटते तसा शैवालभक्षी एकपेशीयांचा कमाल वाढीचा वेग शैवालापेक्षा जलद घटतो. भक्षक मागे पडल्यामुळेच थंड समुद्रात शैवालाला बहर येण्यास वाव मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

अर्थात, केवळ भक्षक मंदावणे पुरेसे नाही. प्रकाश, लोह आणि कवचासाठी सिलिकाही हवी. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये 'लोहाफेक्स' प्रयोगात दक्षिण अटलांटिकमधील सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळले. तेथे सिलिका अपुरी असल्याने डायटम फोफावले नाहीत. इतर शैवाल वाढले, पण कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनी ते फस्त केले. परिणामी खोल समुद्रात फारच थोडा कार्बन पोहोचला.

या समतोलावर बरेच काही अवलंबून आहे. हिवाळ्यात क्रिलची पिल्ले बर्फाच्या तळाचे शैवाल खरवडून खातात. क्रिलवर पेंग्विन, सील आणि देवमासे जगतात. पाणी तापले तर भक्षकांचा वेग शैवालापेक्षा अधिक वाढू शकतो. बर्फ घटला तर शैवालाचा आसराही आक्रसतो. त्यामुळे तापमानातील एखाद-दुसऱ्या अंशाचा फरकही येथे क्षुल्लक ठरत नाही.