मॉड्यूलमधील खासगी व्याख्या

हास्केल या भाषेत मॉड्यूलच्या नावानंतर कंसात निर्यात-यादी लिहितात. यादीत नसलेली व्याख्या बाहेरच्या कोडला दिसत नाही. यादीच गाळली, तर त्या मॉड्यूलमधील वरच्या पातळीवरची प्रत्येक व्याख्या उघडी पडते. ओकॅमलमध्ये हे काम स्वतंत्र इंटरफेस-फाइल करते. खरा लाभ मात्र टाइपची घडण लपवण्यात आहे. कोल्हापूरच्या गूळबाजारासाठी ‘रवा’ (गुळाची ढेप) हा टाइप लिहून त्याचा कन्स्ट्रक्टर यादीबाहेर ठेवला, तर बाहेरून रवा तयार करण्याची वाट एकच उरते, ती वजन तपासणाऱ्या फंक्शनची. शून्य वा ऋण वजनाचा रवा विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. आत किलोऐवजी ग्रॅम साठवू लागले, तरी पट्टी छापणारा कोड बदलावा लागत नाही. मॉड्यूल पाडताना माहिती लपवण्याचे तत्त्व डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्ये मांडले.